पुढच्या चाकांचे ब्रेक : तुमसरच्या रस्त्यांवर मोठी डिस्क कितपत कामाची?

छोट्या, चपळ गाडीचे ब्रेक वाढवायचे म्हणजे प्रत्यक्षात तिच्या पुढच्या चाकांचे ब्रेक वाढवायचे असतात. इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे असलेल्या हॅचबॅक गाडीचे साधारण ६० टक्के वजन उभ्या अवस्थेतही पुढच्या चाकांवर असते. ब्रेक जोरात दाबला की गाडी नाक खाली घालते आणि मागचे वजन पुढे सरकते. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर, दोन्ही आसांमधले अंतर २.४६ मीटर आणि कोरड्या डांबरावरचे जोरदार ब्रेकिंग असे गृहीत धरले, तर आणखी १८ टक्के भार पुढे येतो. म्हणजे गाडी थांबत असताना पाचातले जवळपास चार हिस्से काम पुढची दोन चाके करतात. मागची चाके गाडी सरळ राहावी एवढ्यापुरती असतात, असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

ब्रेकचे काम म्हणजे वेगातली ऊर्जा उष्णतेत बदलणे. दोन माणसे आणि सामान धरून १३०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवायची, तर सुमारे ५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. चांगल्या टायरवर हे काम साडेतीन सेकंदांत उरकते. सेकंदाच्या हिशोबाने पाहिले तर ब्रेकची सरासरी ताकद १९० अश्वशक्तीच्या आसपास येते. ज्या गाडीचे इंजिन १०५ अश्वशक्तीचे आहे, तिचे ब्रेक इंजिनाच्या जवळपास दुप्पट ताकदीने राबत असतात. गाडी घेताना इंजिनाचा आकडा सगळे विचारतात, ब्रेकचा कोणी विचारत नाही.

हा १०५चा आकडा फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयचा आहे. भारतात ‘छोटी पण पळणारी’ गाडी म्हटली की गेली दहा-बारा वर्षे हेच नाव पुढे येते, आणि ती महाराष्ट्रातलीच. पुण्याजवळच्या चाकणचा फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, २०१० मध्ये पोलो बाजारात आली आणि २०१३ मध्ये तिला १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन व सात गिअरांची स्वयंचलित डीएसजी पेटी मिळाली. २०२० मध्ये त्या इंजिनाची जागा ११० अश्वशक्तीच्या एक लिटर टर्बोने घेतली आणि २०२२ मध्ये पोलोचे भारतातले उत्पादन थांबले. उत्पादन थांबल्यावर सेकंडहँड बाजारात तिचा भाव टिकून राहिला तो हौशी चालकांमुळे. रांजणगावला तयार झालेली १४५ अश्वशक्तीची फियाट अबार्थ पुंटो हीदेखील याच पंगतीतली. फरक एवढाच की पुंटोला चारही चाकांना डिस्क होत्या, आणि पोलो जीटीला पुढे डिस्क, मागे ड्रम. ब्रेक वाढवण्याचा विचार पोलोवाल्यांच्या मनात जास्त घोळतो तो यामुळेच. इंजिनाच्या संगणकातला नकाशा बदलून ताकद वाढवून घेण्याची पद्धत या गाडीत फार रूढ आहे. ताकद वाढली की वेग वाढतो, आणि मग कधीतरी पॅडल दाबताना पोटात गोळा येतो.

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या तुमसरला हा विषय लांबचा वाटेल. हे गाव तांदळाच्या बाजारासाठी आणि मॅंगनीजसाठी ओळखले जाते. मोटारींच्या हौसेसाठी नव्हे. पण एमएच-३६ पाटीची गाडी आता फक्त देव्हाडीच्या तुमसर रोड स्टेशनपर्यंत जाऊन परतत नाही. भंडारा सुमारे ३० किलोमीटरवर आहे. तिथून राष्ट्रीय महामार्गाने नागपूर, आणि नागपुरातून समृद्धी महामार्ग. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा आणि जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा खुला झाल्यावर ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता मुंबईच्या दारापर्यंत गेला. मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. ताशी ८० वरून थांबायला जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तिच्या सव्वादोन पट १२० वरून थांबताना लागते. वेग दीडपट, काम सव्वादोन पट. वाढत्या वेगाला ब्रेक कमी पडू लागतात ते या वर्गाच्या गणितामुळे.

मात्र त्याच गाडीचे तुमसरमधले रोजचे जगणे अगदी निराळे असते. आषाढ-श्रावणात रोवणीच्या दिवसांत केजव्हील लावलेले ट्रॅक्टर बांधीतून निघून डांबरावर येतात आणि रस्त्यावर चिखलाचे पट्टे पडतात. दिवाळीनंतर धानाची कापणी-मळणी सुरू झाली की कडेला तणस पसरलेले असते आणि पोत्यांनी भरलेल्या ट्रॉल्या अंधारात मागचा दिवा नसताना चालतात. गोबरवाही, नाकाडोंगरीकडच्या रस्त्यावर चिखला आणि डोंगरी बुजुर्ग खाणींची मालवाहतूक असते. गुरे तर बारमाही. अशा रस्त्यांवर गाडी थांबण्याचे अंतर डिस्कच्या मापापेक्षा टायरखाली काय आहे यावरच अवलंबून राहते. कोरड्या, स्वच्छ डांबरावर ताशी ६० वरून गाडी सुमारे १८ मीटरमध्ये थांबते. चिखलाने ओल्या झालेल्या डांबरावर टायरची पकड निम्म्यावर आली, तर त्याच वेगावरून ३५ मीटर लागतात. यात पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद, म्हणजे आणखी जवळपास १७ मीटर, धरलेलाच नाही.

मोठ्या ब्रेकविषयीचा सगळ्यात दाट गैरसमज इथेच असतो. एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या मोटारींना एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा, अनिवार्य आहे. पोलो जीटीला ते आधीपासूनच होते. ज्या गाडीचा ब्रेक एकदा जोरात दाबल्यावर एबीएसची थरथर पायाला जाणवते, त्या गाडीचे ब्रेक टायरच्या पकडीपेक्षा बलवान आहेत, हे तिथेच सिद्ध होते. तिला दुप्पट मोठी डिस्क लावली तरी थंड अवस्थेतले पहिले थांबणे एक हातानेही कमी होणार नाही. चाक आधीच अडकण्याच्या बेतात होते. आता ते थोड्या कमी दाबाने अडकेल, एवढेच.

मग मोठी डिस्क लावायची कशासाठी? उत्तर दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या थांबण्यात आहे. ताशी १०० वरच्या त्या ५ लाख ज्यूलांपैकी तीन-चतुर्थांश पुढे धरले तर एकेका डिस्कच्या वाट्याला पावणेदोन-दोन लाख येतात. डिस्क पाच किलोची असेल तर एका थांबण्यात तिचे तापमान सुमारे ८० अंशांनी चढते. सात किलोची असेल तर साठच्या आतच राहते. उष्णता जिरायला अवधी न देता पुन्हा पुन्हा ब्रेक मारला की हे अंश साठत जातात. साधे पॅड साधारण ३५० ते ४०० अंशांच्या पुढे गेले की त्यांचे घर्षण ढासळते. पॅडल कडक लागते, पण गाडी थांबत नाही. याला फेड म्हणतात. याच्या उलटचा प्रकार म्हणजे पॅडल मऊ पडून जमिनीला टेकणे. तो बहुतेकदा ब्रेक ऑइल उकळल्यामुळे होतो. दोन्ही प्रसंगी चालकाला ‘ब्रेक फेल’ एवढेच जाणवते. पण दोहोंचा उपाय वेगळा आहे, आणि त्यांतल्या एकाचाच संबंध पॅड-डिस्कशी आहे.

तुमसर परिसरात असे सलग तापणे फारसे घडत नाही. जमीन सपाट आहे. ते घडते नागपूर–सिवनी मार्गावरच्या कुरई घाटात, मेळघाटात चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना, किंवा पचमढीच्या वाटेवर. १३०० किलोची गाडी ७०० मीटर उंची उतरते तेव्हा गुरुत्वाकर्षण तिला सुमारे ८९ लाख ज्यूल देते. म्हणजे ताशी १०० वरून अठरा वेळा पूर्ण थांबण्याएवढे काम. यातला बराच वाटा इंजिन ब्रेकिंगने उचलता येतो. डीएसजी गाडीचे चालक मात्र पेटी ‘डी’वरच ठेवून घाट उतरतात आणि सगळा भार पॅडवर टाकतात. गिअरचा दांडा हाताने खालच्या गिअरवर आणणे हे काही न खर्चता होणारे ब्रेकचे अपग्रेड आहे.

पैसे खर्चून करायच्या सुधारणांत पहिला क्रमांक ब्रेक ऑइलचा. ते सगळ्यांत स्वस्त असते आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षिले जाते. डॉट-३, डॉट-४ आणि डॉट-५.१ ही ग्लायकॉलवर आधारलेली द्रव्ये हवेतली ओल शोषून घेतात, आणि धानपट्ट्यातला पावसाळा ओलीला कमी नसतो. नवे कोरडे डॉट-३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शिरली की ही मर्यादा १४० वर येते. डॉट-४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत, डॉट-५.१ साठी २६० आणि १८०. म्हणजे जुने, ओल धरलेले महागडे ऑइल नव्या स्वस्त ऑइलपुढे हरते. दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावे. वरचे भांडे रिकामे करून नवे ओतले म्हणजे ऑइल बदलले, ही समजूत चुकीची. कॅलिपरमध्ये, जिथे उष्णता असते, तिथे जुनेच ऑइल राहते. नुसत्या ‘डॉट-५’चा डबा मात्र या यादीतला नव्हे. ते सिलिकॉनवर आधारलेले असते आणि ग्लायकॉलच्या ऑइलात मिसळत नाही. एबीएसच्या गाडीत ते घालूच नये.

ऑइलनंतर पॅड. अनेक पॅडच्या कडेवर एक छोटा कोड छापलेला असतो आणि त्यात दोन इंग्रजी अक्षरे असतात. पहिले अक्षर थंड अवस्थेतले घर्षण सांगते, दुसरे तापल्यानंतरचे. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. रोजच्या रस्त्यासाठी ‘एफ-एफ’ ही सुरक्षित जोडी. पहिले अक्षर चांगले आणि दुसरे घसरलेले असेल तर तो पॅड गावात झकास, घाटात बेभरवशाचा. रेसच्या मैदानासाठी बनवलेले पॅड याच्या उलट वागतात. तापले की धरतात, पण डिसेंबरच्या सकाळी दहा-बारा अंशांच्या थंडीत घरातून निघाल्यावर पहिल्या वळणाला ते निसटतात. अशा पॅडची जाहिरात वाचून ते रोजच्या गाडीला लावणे हा शौक नव्हे, अविचार आहे. युरोपात बदली पॅडला आर-९० या नियमाखाली मूळ पॅडच्या कामगिरीच्या १५ टक्के मर्यादेत राहावे लागते. खोक्यावर तो शिक्का असेल तर निदान कोणीतरी मोजमाप केले आहे एवढी खात्री राहते.

घर्षणाचा हा धंदा भंडारा जिल्ह्याला परका नाही. ब्रेक लायनिंग, क्लच फेसिंग असे घर्षणाचे माल बनवणाऱ्या हिंदुस्तान कंपोझिट्स या कंपनीचा एक कारखाना भंडाऱ्यातच आहे; कंपनीचे जुने नाव हिंदुस्तान फेरोडो. गडेगावात अशोक लेलँड आहे, वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना मोटारउद्योगाला लागणारे मिश्र पोलाद ओततो. तुमसर तालुक्यातल्या मॅंगनीजचा आणि ब्रेक डिस्कचा संबंध तर थेट आहे. डिस्क करड्या ओतीव लोखंडाची असते. त्यात साधारण साडेतीन टक्क्यांच्या आसपास कार्बन आणि दोन टक्के सिलिकॉन असतो, आणि मॅंगनीज एक टक्क्याहून कमी. हे मॅंगनीज लोखंडातल्या गंधकाला बांधून ठेवते. नाहीतर गंधक लोखंड ठिसूळ करते. कार्बनचा मोठा भाग ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात राहतो. हे पापुद्रे उष्णता पटकन पसरवतात आणि कंपने गिळतात, म्हणून चांगली डिस्क किंचाळत नाही. पोलाद याहून मजबूत, तरी मोटारीची डिस्क पोलादाची करत नाहीत त्याचे कारण हेच.

पुढचा टप्पा म्हणजे डिस्कच मोठी करणे. फोक्सवॅगन समूहाच्या छोट्या गाड्यांच्या घराण्यात पुढची डिस्क २५६ मिलिमीटर आणि २८८ मिलिमीटर अशा दोन मापांत प्रामुख्याने दिसते. घराणे एकच असल्याने मोठ्या भावंडाची डिस्क, कॅलिपर आणि ते बसवायचा कॅरिअर एकत्र घेऊन लहान गाडीला लावणे हा पोलोवाल्यांचा ठरलेला मार्ग. पॅड डिस्कला कडेपासून साधारण अडीच सेंटिमीटर आत धरतो असे मानले, तर २५६च्या डिस्कवर ब्रेकचा जोर आसापासून १०३ मिलिमीटरवर पडतो, २८८वर ११९ वर. तरफ लांबली की त्याच दाबाला सुमारे १५ टक्के जास्त जोर मिळतो. पण खरा लाभ वजनाचा आणि जाडीचा. मोठ्या डिस्कमध्ये लोखंड जास्त, हवा खेळणारे कप्पे रुंद, आणि पॅडही मोठा. त्यामुळे तापमान उशिरा चढते आणि लवकर उतरते.

१५ टक्के जास्त जोर पुढच्या चाकांना मिळाला, मागच्या ड्रमना काहीच नाही. कारखान्याने पुढे-मागे जोर कसा विभागायचा ते गाडीच्या वजनावरून ठरवलेले असते. पुढचा वाटा वाढवला की पुढची चाके लवकर अडकायला लागतात, एबीएस त्यांचा दाब कमी करते आणि मागचे ड्रम आपल्या वाट्याची पकड वापरतच नाहीत. एबीएसबरोबर येणारी ईबीडी मागच्या चाकांचा दाब गरजेप्रमाणे आवरते, वाढवत नाही. म्हणून १५ टक्क्यांपर्यंतचा बदल बहुतेक गाड्या पचवतात, त्यापुढचा पचवतीलच असे नाही. पुढे महागडे किट आणि मागे लायनर झिजलेले, अंडाकार झालेले ड्रम, अशी गाडी थांबण्याच्या अंतरात कारखान्यातल्या गाडीकडूनही हरू शकते. पुढच्या कामाआधी मागचे ड्रम उघडून शू, स्प्रिंग आणि व्हील सिलिंडर पाहून घेणे म्हणूनच सक्तीचे.

कॅलिपरच्या बाबतीत दिसण्याचा मोह मोठा आहे. चाकाच्या आऱ्यांतून दिसणारा लाल, चार पिस्टनांचा कॅलिपर सगळ्यांना हवा असतो. कारखान्यातून आलेल्या कॅलिपरला बहुधा एकच पिस्टन असतो आणि तो सरकत्या पिनांवर बसतो. पिस्टन आतून ढकलतो, प्रतिक्रियेने कॅलिपर सरकतो आणि बाहेरचा पॅडही दाबला जातो. ५४ मिलिमीटरच्या एका पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे २२९० चौरस मिलिमीटर होते. चार पिस्टनांच्या स्थिर कॅलिपरमध्ये एका बाजूचे दोनच पिस्टन मोजायचे. ३८ मिलिमीटरचे दोन धरले तर २२७० येतात. म्हणजे पिस्टन चारपट होऊनही दाब तेवढाच राहिला. त्याऐवजी ४२ मिलिमीटरचे पिस्टन असतील तर क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते. पण तेवढे जास्त ऑइल ढकलावे लागल्याने पॅडल खोल जाते, मास्टर सिलिंडरला ते पेलले पाहिजे, आणि पुढे-मागेचा तोल आणखी ढळतो. चार पिस्टनांचा खरा फायदा पॅड सारखा दाबला जाण्यात आणि कॅलिपर ताठ राहण्यात आहे. तो मैदानावर जाणवतो. तुमसरच्या शिवाजी पुतळ्याभोवती वळताना नाही.

भोके पाडलेल्या किंवा खाचा मारलेल्या डिस्कबद्दलही असेच. जुन्या काळी तापलेल्या पॅडमधून वायू सुटे आणि भोके त्याला वाट देत. आजच्या पॅडमध्ये हा प्रश्न जवळपास नाही. भोकांमुळे डिस्कमधले लोखंड कमी होते आणि भोकांच्या कडांपासून तडे जाऊ शकतात. खाचा पॅडचा पृष्ठभाग खरवडून स्वच्छ ठेवतात, पण पॅड लवकर झिजवतात. धुळीच्या आणि चिखलाच्या रस्त्यावर साधी, गुळगुळीत, हवेचे कप्पे असलेली डिस्कच जास्त दिवस टिकते.

२८८ मिलिमीटरची डिस्क १४ इंची चाकात मावत नाही. किमान १५ इंची चाक लागते. तेवढे असूनही कॅलिपर चाकाच्या आऱ्यांना आतून घासतो की नाही ते त्या विशिष्ट चाकावर पाहावे लागते. चाकाचे माप वाढले तर टायरची बाहेरची गोलाई तेवढीच ठेवावी. नाहीतर स्पीडोमीटर खोटे बोलतो आणि एबीएसचा हिशोबही बिघडतो. स्टेपनी विसरली जाते ती इथे. डिक्कीतले जुने लहान चाक मोठ्या कॅलिपरवर बसत नाही आणि हे तुमसर–रामटेक रस्त्यावर रात्री पंक्चर झाल्यावर कळते.

बसवण्याचे काम अवघड नाही, पण त्यात आळस खपत नाही. गाडी जॅकवर न ठेवता घोडीवर ठेवायची, मागच्या चाकांना उटी लावायची. कॅलिपर काढल्यावर तो होजवर लोंबकळत ठेवायचा नाही. तारेने स्प्रिंगला बांधायचा. जुनी डिस्क निघाली की हबवरचा गंज तारेच्या ब्रशने अगदी उघड्या लोखंडापर्यंत साफ करायचा. हे काम गडबडीत वगळले जाते आणि पुढच्या सगळ्या तक्रारी तिथून सुरू होतात. गंजाचा बारीक कण खाली राहिला तरी डिस्क किंचित वाकडी फिरते. डिस्कच्या कडेला हा डोल एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आत, शक्यतो त्याच्याही निम्म्यावर असावा. तो डायल गेजने मोजला जातो. डोळ्याला दिसत नाही. हजार-दोन हजार किलोमीटरांनंतर स्टिअरिंग थरथरू लागते आणि ‘डिस्क वाकली’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात डिस्क क्वचितच वाकते. डोलामुळे ती एका जागी जास्त घासली जाते, किंवा तिच्यावर पॅडचा माल विषम चिकटतो, आणि जाडी कमीजास्त होते. अशी डिस्क लेथवर घासून घेता येते, पण तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली कधीही नाही.

नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. तो ब्रेक क्लीनरने पुसायचा. सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लावायचे. साध्या खनिज ग्रीसने तिथले रबर फुगते आणि ब्रेक चिकटतो. कॅलिपर बदलला असेल तर होजच्या बोल्टखालचे तांब्याचे वायसर नवेच घालायचे. सगळे बोल्ट टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या मापाला आवळायचे. पाइप घालून अंगाच्या जोरावर आवळलेला बोल्ट मजबूत वाटतो, पण तो ताणून कमकुवत झालेला असू शकतो. शेवटी हवा काढायची. कुठल्या चाकापासून सुरुवात करायची ते गाडीगणिक वेगळे असते; मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून ही सर्वसाधारण रीत. एबीएसच्या पंपात हवा शिरली असेल तर स्कॅनर जोडून पंप चालवल्याशिवाय ती निघत नाही, आणि पॅडल कितीही वेळा मारले तरी स्पंजासारखेच राहते.

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसवून घेणे हे गॅरेजमध्ये संपत नाही, मोकळ्या रस्त्यावर होते. ताशी ६० ते ८० पर्यंत वेग न्यायचा, मध्यम दाबाने ताशी १५-२० पर्यंत आणायचा, पूर्ण थांबायचे नाही, पुन्हा वेग. असे आठ-दहा वेळा. त्यानंतर ब्रेक न लावता पाच-सात किलोमीटर चालवून डिस्क थंड होऊ द्यायची. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी केली तर पॅडचा ठसा तिथेच उमटतो आणि थरथर सुरू होते. यासाठी रस्ता रिकामा हवा. सकाळी लवकर, धानाच्या ट्रॉल्या निघण्याआधी, हे उरकावे.

कायद्याची बाजूही पाहून ठेवावी लागते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठासून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. डिस्कचा व्यास प्रमाणपत्रावर छापलेला नसतो, त्यामुळे त्याच उत्पादकाचे, त्याच घराण्यातले भाग लावण्यावर सहसा बोट ठेवले जात नाही. तरी कॅरिअरला वेल्डिंग करणे, हबला नवी भोके पाडणे, घरगुती ब्रॅकेट बनवणे यांना कुठलाही बचाव नाही. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. अपघातानंतर सर्वेक्षकाला ते दिसतेच.

खर्चाच्या दृष्टीने ब्रेक ऑइल आणि चांगले पॅड काही हजारांत येतात. त्याच घराण्यातली मोठी डिस्क-कॅलिपरची जोडी त्याच्या कितीतरी पट महाग पडते, आणि चार-सहा पिस्टनांचे आयात किट लाखाच्या घरात जाते. इंजिनाची ताकद वाढवून घेतलेली, वारंवार घाटात किंवा समृद्धीवर भरधाव धावणारी गाडी असेल तर २८८ची डिस्क तिला शोभते आणि कामालाही येते. तुमसर–भंडारा–नागपूर एवढेच जिचे जग आहे, तिच्या मालकाने आधी टायरवर छापलेला निर्मितीचा आठवडा आणि वर्ष वाचावे, ऑइल शेवटचे कधी बदलले ते आठवावे, मागचे ड्रम उघडून पाहावेत. टायर पाच-सहा वर्षांचे झाले असतील, तर मोठ्या डिस्कसाठी बाजूला काढलेले पैसे टायरवरच घालावेत.